राजाच्या डाव्या कानामागे

"अरे मेल्या, राजा खाजवता काय? सिंहासनार बसलेलो राजा खाजवता काय?"

मास्तरांचा आवाज सभामंडपाच्या पत्र्यावर आपटला, तिथून उसळून देवळाच्या तळीत पडला, तळीतले मासे काठाला आले, आणि मोप्याच्या पठारावर उतरायला निघालेलं एक विमान, मी देवळात बसून सांगतो, पुन्हा वर गेलं.

मी सिंहासनावर होतो. सिंहासन म्हणजे एक पाय आखूड असलेली प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यावर मास्तरांच्या घरची लाल चादर. डोक्यावर खांद्यापर्यंत रुळणारा केसांचा टोप, टोपावर मुकुट. समोर प्रधान हात जोडून उभा. शत्रू सीमेवर येऊन ठेपल्याची बातमी त्यानं नुकतीच सांगितली होती आणि त्याचं काम संपलं होतं. आता राजानं गर्जना करायची होती. आणि राजा, म्हणजे मी, डावा हात टोपाखाली घालून कानामागे असा काही खरडत होतो की बघणाऱ्याला वाटावं, आत कुणी नारळच खोवतंय.

"हात खाली!"

हात खाली घेतला. तो खाली राहिला असता तर हा सगळा मजकूर लिहायची वेळ आली नसती. तो आपला आपण वर गेला.

"मास्तर, खाज सुटली तर काय करू?"

"राजाक खाज सुटणा नाय! खाज द्वारपालाक सुटता!"

हे मात्र मास्तरांनी मुद्दाम म्हटलं. कारण मी द्वारपालच होतो. ओठांवर मिशी फुटली तेव्हापासून मी आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात दारात भाला धरून उभा राहत आलो होतो. "महाराजांचा विजय असो!" एवढं एक वाक्य. पण ते वाक्य मी कसं म्हणायचो, ते पेडण्यात कुणालाही विचारा. कधी दबक्या आवाजात, कधी गहिवरून, एकदा तर इतकं पहाडी की देवळासमोरच्या खाजं-मिठाईवाल्यांनी पोलीस आले समजून आपापल्या दुकानांच्या ताडपत्र्या ओढून घेतल्या. तरी राजा व्हायची पाळी येत नव्हती. आमच्याकडे राजा सहजासहजी मरत नाही आणि निवृत्तही होत नाही. शेवटी मागच्या राजाचे गुडघे गेले, सिंहासनावरून उठताना प्रधानाला त्याला उचलावं लागायला लागलं, आणि मास्तरांनी नाइलाजानं माझ्याकडे बघितलं.

मास्तर हे माझे थोरले चुलतभाऊ. शाळा सुटली तरी त्यांची छडी सुटली नाही. जत्रेचं नाटक तेच बसवतात. त्या दिवशी तालीम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात, म्हणजे तळीच्या पलीकडे ऐकू जाईल इतक्याच आवाजात, सांगितलं, "जत्रेच्या आदल्या तालमीक तुझो हात मांडयेर दिसाक व्हयो. नाय दिसलो तर भालो घी आणि परत दारात जा."

म्हणजे बघा. अर्धं आयुष्य दारात घालवून मिळालेलं राज्य, आणि ते जाणार कशानं, तर डाव्या कानामागच्या खाजेनं.

आता माझ्या केसांविषयी थोडं सांगायलाच हवं. मी सांगितलं नाही तर कोण सांगणार? माझ्यासारखे केस उत्तर गोव्यात नव्हते. बेळगावकडचा आमचा न्हावी माझे केस कापण्याआधी कात्रीला धार लावून आणायचा आणि कापून झाले की दुकानाला कुलूप लावून झोपायला जायचा. पावसाळ्यात मी छत्री नेत नसे. पाणी टाळूपर्यंत पोचेस्तोवर मी घरी पोचायचो. मी मांद्र्याला पर्यटकांना स्कूटर भाड्यानं देतो. एका रशियन बाईनं माझ्या केसांकडे बघून, हेल्मेट आतून घातलंय का म्हणून विचारलं होतं. बायको अजून म्हणते की ती बाई असं काही म्हणालीच नाही. बायको तिथे नव्हती.

तर अशा केसांत, तालमी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत, कानामागे एक लालसर चकती उठली. आधी नुसती खाज. मग खपल्या. मग न्हाव्यानं केस उचलून बघितलं आणि कात्री खाली ठेवली.

"साहेब, चाई पडली की हो."

चाई! माझ्या डोक्यात! नाण्याएवढी जागा साफ, मधे तुटक्या केसांची खुंटं, जशी कापणी झालेली भाताची मळी.

ही बातमी न्हाव्याच्या दुकानातून बाहेर पडली ती माझ्याआधी घरी पोचली. आणि मग निदानं सुरू झाली. आमच्या गावात आजार एकाला होतो आणि कारण प्रत्येकाकडे असतं. शेजाऱ्याच्या मते हे विमानांमुळे. विमान वरून जाताना जे काय सांडतं ते थेट डोक्यावर. दुसऱ्याच्या मते बोअरचं पाणी. बायकोचं माहेर डिचोलीजवळच्या मये गावचं, म्हणून तिकडचे माझे मेहुणे फोनवर म्हणाले की पूर्वी खाणींची लाल धूळ होती तेव्हा केस कसे टिकून असायचे, धूळ बसली आणि केसही बसले. ब्रॉयलर कोंबडी, शाम्पू, मोबाइल उशाशी घेऊन झोपणं, सासऱ्यांचं टक्कल (सासऱ्यांचं! माझ्या वडिलांचंही नव्हे), पोदेराच्या पावात हल्ली घालतात ती कसली तरी पावडर. एक आत्या मोठ्या मायेनं म्हणाली, "तुका दिष्ट लागली बाबा, राजा झालंस ना," आणि मिरच्या-मीठ ओवाळून चुलीत टाकलं. घरभर इतका ठसका उठला की तेवढा वेळ खाज खरंच थांबली. कारण दोन्ही हात डोळ्यांना होते.

मी मात्र शहाणा. मी बाजारातल्या औषधाच्या दुकानात गेलो आणि नुसतं "खाज" म्हणालो. दुकानदारानं न बघता मागे हात घातला आणि ट्यूब दिली. ही ट्यूब आमच्या भागात घरोघरी असते. कापलं, भाजलं, चावलं, उठलं, सगळ्याला तीच. आणि काय तिचा महिमा! दोन दिवसांत खाज बंद, लाली गायब, कातडी लोण्यासारखी. मी तालमीला हात मांडीवर ठेवून बसलो तेव्हा मास्तरांनी पहिल्यांदा आयुष्यात "बरां" म्हटलं. मी ट्यूब बंद केली. आठवड्याभरात ती चकती परत आली, आणि एकटी आली नाही, सगळा गोतावळा घेऊन आली. एक कानामागे, एक मानेवर, एक कपाळाच्या कडेला. पुन्हा ट्यूब. पुन्हा लोणी. पुन्हा बंद. पुन्हा गोतावळा. शेवटी मानेवरची चकती करवंटीएवढी झाली आणि तिच्या कडेनं असा गोल काठ उठला की जणू कुणी उकळत्या चहाचा कप ठेवून उचललाय.

"उद्या म्हापशाला जायचं," बायको म्हणाली. "कातडीच्या डॉक्टरांकडे."

"ट्यूब संपू दे."

"ट्यूब संपेल तोवर तुम्ही संपाल."

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण नजर मास्तरांची. त्यांनी दिव्याखाली माझं डोकं असं फिरवलं जसं कलिंगड घेताना फिरवतात. मग एका काचपट्टीवर खपल्या खरवडून घेतल्या, थेंबभर काहीतरी टाकलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. इतका वेळ की मी मनात मृत्युपत्र करून स्कूटरी वाटून टाकल्या.

"बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "नायटा म्हणतात तो. अंगावर होतो तसा डोक्यातही होतो, मग केस मुळाशी तुटतात. काय लावत होता?"

मी ट्यूब काढून अभिमानानं टेबलावर ठेवली. त्यांनी ती दोन बोटांनी उचलली.

"ह्यात स्टेरॉइड आहे. खाज दबते, लाली दबते, त्यामुळे तुम्हाला वाटतं बरं झालं. आत बुरशीला मोकळं रान मिळतं. तुम्ही तिला जेवू घालत होता."

"म्हणूनच ती एवढी धष्टपुष्ट झाली," बायको म्हणाली.

"आता मला हे शोधायचंय की ती आली कुठून. घरी गुरं, मांजर, कुत्रा?"

"नाही."

"टॉवेल, कंगवा कुणाचा वापरता?"

"माझा मी."

"हेल्मेट?"

मी जरा चाचरलो. गाड्यांबरोबर मी हेल्मेटं भाड्यानं देतो, पण स्वतः, तुमच्यापासून कशाला लपवू, पोलीस दिसला तरच घालतो, आणि तेही हँडलला अडकवलेलं माझं स्वतःचं.

"नीट आठवा. दुसऱ्याच्या डोक्यावरचं काहीही तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घालता का?"

"नाही," मी छातीठोक सांगितलं.

आणि मी खोटं बोललो नव्हतो. अजूनही म्हणतो, मी खोटं बोललो नव्हतो. बायकोनं मात्र माझ्याकडे असं बघितलं जसं ती मासळी बाजारात डोळे आत गेलेल्या बांगड्याकडे बघते.

"आणि टोप?"

"टोप दुसऱ्याचा कुठे? टोप देवळाचा!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कसला टोप?"

मग मला सांगावं लागलं. आमच्या राजाचा टोप आमच्या पूर्वजांपैकी कुणीतरी घाटावरून आणलेला, खऱ्या केसांचा. देवळाच्या बाजूच्या खोलीत शिसवी पेटीत असतो. नाटकाचा नारळ फुटला की तो बाहेर निघतो, त्याच्यापुढे समई लागते, धूप होतो, त्याला खोबरेल तेलाचं बोट आणि कुंकू लावतात, आणि मग आबा तो राजाच्या डोक्यावर चढवतात. आबा म्हणजे पेटीची किल्ली ज्यांच्या करदोट्याला असते ते आमच्या मंडळातले सर्वांत जुने गृहस्थ. पहिल्या तालमीपासून राजानं टोप घालूनच बसायचं असतं. त्याशिवाय अंगात राजेपण मुरत नाही, असं आबांचं मत.

"तुमच्याआधी किती जणांनी घातला?"

"फक्त राजांनी."

"राजे किती?"

"जिवंत सांगू, की सगळे?"

"आणि धुतला शेवटचा कधी?"

ह्या प्रश्नाला मी कानाला हात लावला. डाव्याच. "शिव शिव! टोप धूत नाहीत. धुतला तर आतला राजा वाहून जाईल."

डॉक्टरीणबाई खुर्चीला टेकल्या. त्या हसत होत्या की काय ते मला कळलं नाही, कारण त्यांनी तोंडावर मास्क वर ओढून घेतला. मग म्हणाल्या की गोळ्या काही आठवडे न चुकवता घ्यायच्या, मधे बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही, ट्यूब कचऱ्यात, उशीचे अभ्रे आणि टॉवेल वेगळे आणि गरम पाण्यात, केस परत येतील. आणि तो टोप एकतर टाकायचा नाहीतर कढत पाण्यातून काढायचा, आणि तसाही एकाच्या डोक्यावरचा दुसऱ्याच्या डोक्यावर चढवायचा नाही.

आम्ही उठलो तेव्हा त्या बायकोला म्हणाल्या, "तुम्ही बसा जरा. तुमचे केस कधीपासून गळतायत?"

मी हसून म्हणणार होतो की नाही हो, गळतात ते माझे. आमच्या न्हाणीच्या जाळीत रोज केसांचा गुंता अडकायचा आणि घरात सर्वमान्य होतं की तो माझा. एवढ्या केसांचा माणूस दुसरा होता कोण? पण बायको हळूच म्हणाली, "वर्ष होऊन गेलं. वेणी आता बोटाएवढी राहिलीय. दमायला पण होतं." डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, रक्त तपासायला सांगितलं. म्हणाल्या, केस गळण्याचं कारण दर वेळी डोक्यावर सापडत नाही. रक्तात लोह कमी असतं, थायरॉइड बिघडलेलं असतं, मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस जातात आणि माणूस तापाला विसरून शाम्पूला शिव्या देतो.

अख्खा पेडणे तालुका माझ्या नाण्याएवढ्या चाईची काळजी करत होता, आणि वेणी बोटाएवढी झालेली बाई मला स्कूटरवर मागे बसवून म्हापशाला घेऊन आली होती. परत येताना मी म्हटलं, "चल, मी चालवतो." ती म्हणाली, "नको, तुम्ही खाजवायला हात सोडता." लोहच कमी निघालं तिचं, फार कमी. गोळ्या सुरू झाल्या. आमच्या घरात आता सकाळी चहाआधी दोघांच्या गोळ्यांची हजेरी होते.

पण राज्याचा प्रश्न सुटलेला नव्हता. जत्रा जवळ येत होती आणि त्या टोपाशिवाय राजा ही कल्पना आमच्या गावात, मिठाशिवाय समुद्र म्हणावं तशी.

मी तालमीला जाऊन सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मास्तर समोर होते, आबा पेटीवर हात ठेवून बसले होते, आणि देवळाच्या सोप्यावर, त्या लांब दगडी बाकावर, जुने राजे ओळीनं बसले होते. ते रोज येतात. नवा राजा किती वाईट करतो ते बघायला.

"म्हापशाची डॉक्टरीण म्हणते, खाज टोपात आहे," मी म्हणालो.

विचार करण्यासाठी म्हणून पहिल्या राजानं डावा हात उचलून कानामागे नेला. मग दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं. ओळीच्या टोकापर्यंत सगळी घराणी डोळे मिटून कानामागे हात घालून बसली. खरड, खरड, खरड. सुतार पक्षी बसल्यासारखा आवाज.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्हाला हे ठाऊक नसेल, पण आमच्या गावचा राजा विचारी म्हणून प्रसिद्ध आहे. दुसऱ्या गावांचे राजे शत्रू आला म्हटल्यावर लगेच तलवार काढतात. आमचा राजा आधी डावा हात कानामागे नेतो, डोळे मिटतो, आणि बराच वेळ तसाच राहतो. प्रेक्षक श्वास रोखतात. शिरोड्यापासून लोक ते बघायला येतात. शेजारच्या गावच्या राजानं ते उचलायचा प्रयत्न केला होता, पण त्याला ती तन्मयता साधली नाही. कशी साधणार? त्याचा टोप धुतलेला असणार. आमच्या टोपाची गाठ डाव्या बाजूला येते, तिथे आत जाड कापडाची गादी आहे, आणि कित्येक राजांचा घाम, तेल आणि कुंकू त्या गादीत जिरून बसलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ज्याला राजाचं चिंतन समजत होतो ते हे.

मास्तरांना मात्र चिंतन वगैरे मान्य नव्हतं. त्यांच्या मते हात मांडीवरच शोभतो. ते लगेच म्हणाले, "तर मग धुवया."

"कोणाच्या बापाचो टोप आसा?" आबा उठले. "माझ्या डोक्यार ह्यो टोप चढलो तेव्हा तू शेंबूड पुसत नाय हुतंस! धुवचो म्हणता! उद्या म्हणशात देवाक साबण लावया!"

"आबा, पण चाई..."

"चाई पडता तेका पडता! माका पडली काय?"

आबांनी डोक्यावरची टोपी मी जन्मल्यापासून काढलेली कुणी बघितली नव्हती. म्हणून हे खरं की खोटं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सोप्यावरचा एक राजा तेवढ्यात म्हणाला की त्याचं टक्कल वडिलोपार्जित आहे, टोपावर आळ घेऊ नये. दुसरा म्हणाला, त्याचे केस डेंग्यूनंतर गेले. डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं होतं, सगळ्यांचं कारण एक असेलच असं नाही. पण खाज? खाज सगळ्यांची एकच होती, आणि ती बोलताबोलताही चालू होती.

शेवटी जिथे आमच्याकडे सगळं जातं तिथेच हे गेलं. देवाला कौल लावायचं ठरलं.

सकाळी भटांनी देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर धुवायचा, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं आबांनीच घालायचं होतं, आणि त्यांनी ते इमानदारीनं घातलं, हे कबूल केलं पाहिजे.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकरांक कानामागे खाज सुटलेली आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जुने राजे इतक्या जोरानं ओरडले की घंटा आपोआप वाजली.

"म्हापशाची डाक्तरीण म्हणता, तुझो टोप धुवा म्हाराजा! तिका कळणा नाय, ती ल्हान आसा म्हाराजा!"

ह्या "व्हय म्हाराजा"ला जोर जरा कमी पडला.

"धुवचो तर उजवी दी, नाय तर डावी दी म्हाराजा!"

मग वाट बघणं आलं. पाकळ्या हलेनात. ऊन चौकातून सरकत खांबापाशी गेलं. पाववाला पोदेर भोंगा वाजवत एका वाड्यावर जाऊन परत आला. माझी खाज अशी उसळली होती की माझ्याच अंगावरून पाकळी पडेल असं वाटलं, पण मी हात बांधून उभा होतो. माझं राज्य त्या पाकळीला चिकटलेलं होतं. एवढ्यात बायकोला उकडलं, म्हणून तिनं बाजूचं जनेल उघडलं. वारा आत आला. उजवी पाकळी पडली. जनेल आणि पाकळीचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो.

आबांनी पाकळी उचलून डोळ्यांना लावली. करदोट्याची किल्ली काढून बायकोच्या हातात दिली. "देवान सांगल्यान, झाला," म्हणाले. मग जाता जाता माझ्याजवळ आले, टोपी एका बोटानं किंचित उचलली, मला आतलं बघू दिलं, आणि परत खाली ओढली. त्या डोक्यावर डाव्या कानामागे एक जुना, गुळगुळीत, पांढरा गोल होता. मी कुणाला काही बोललो नाही. आता लिहितोय, पण आबा वाचत नाहीत.

टोप आमच्याच परसात, न्हाणीच्या तांब्याच्या भाणात धुतला. पहिल्या पाण्याचा रंग बघून मेहुण्यांना फोन करावासा वाटला, की तुमच्या खाणी पुन्हा सुरू झाल्या. दुसऱ्या पाण्यात कुंकू सुटलं, तिसऱ्यात तेल, चौथ्यात, मला तरी दिसला, कुणातरी पणजोबाच्या काळचा एक मुंगळा, अजून खाजवत. वाळत घातला तेव्हा शेजाऱ्याचा कुत्रा त्याच्यावर दुपारभर भुंकला, आणि स्कूटर परत करायला आलेल्या पर्यटकानं त्याचा फोटो काढला. आणि वाळला तेव्हा तो टोप, जो पिढ्यान्‌पिढ्या धिप्पाड राजांच्या डोक्यावर बसला होता, तो आटून मोसंबीला घालता येईल एवढा झाला.

मी धरणी दुभंगायची वाट बघत तो आबांच्या हातात दिला. आबांनी तो फिरवून बघितला, पेटीत ठेवला, समई लावली. "आता रवांदे बापडो," म्हणाले. "लय डोकी सोसल्यान तेणी."

मी माझ्यासाठी नवा टोप आणला, आतून सुती कापड लावून घेतलं, आणि त्याच्या पेटीवर नाव लिहिलं नाही तरी सगळ्यांना कळलं की हा फक्त माझा. दुकानातली हेल्मेटं एका दिवशी सगळी धुऊन उन्हात मांडली. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं, कलिंगडं आली. गोळ्या चालू होत्या. जत्रेच्या आदल्या तालमीला हात मांडीवर होता. मास्तर माझ्याभोवती एक फेरी मारून गेले आणि ओरडायला काही सापडलं नाही म्हणून प्रधानाला ओरडले. कानामागे बोट फिरवलं तर नुकत्या उगवलेल्या भाताच्या तरव्यासारखी बारीक लव लागत होती. त्या शेतात आता लावणी बाकी होती, एवढंच.

आणि मग जत्रेचं नाटक. पालखी फिरून आली, पडदा वर गेला, नवा द्वारपाल "महाराजांचा विजय असो" ओरडला, माझ्या पासंगालाही न पुरणारा. मी सिंहासनावर बसलो तो देवळाचा खांब बसावा तसा. प्रधानानं शत्रू सीमेवर आल्याचं सांगितलं. माझे दोन्ही हात मांडीवर. मी एक क्षणही न दवडता "युद्ध!" अशी गर्जना केली, आणि अरबी समुद्र मांद्र्याला दोन पावलं मागे सरला. मास्तर विंगेत रडत होते. बायको पहिल्या रांगेत होती. तिनं आपल्या त्या बोटाएवढ्या वेणीत अबोलीचा मोठा वळेसर माळला होता.

सकाळी आम्ही सगळे देवळासमोरच्या हॉटेलात बसलो. गरम उंडे पाव, पातळ भाजी, चहा. तोंडावरचा रंग अजून पुरता गेला नव्हता. वाटेनं जाणारे थांबून मला नमस्कार करत होते, निदान माझ्या दिशेनं तरी. आबा कोपऱ्यात उंडो चहात बुडवून खात होते. सगळ्यांचं ऐकून झालं होतं. आता त्यांचं ऐकायचं होतं.

"आबा," मी म्हटलं, "सांगा. कसो झालो राजा?"

आबांनी घास गिळला. टोपी सारखी केली. उरलेला चहा बशीत ओतला, फुंकर मारली, प्याले, आणि बशी खाली ठेवली.

"बरो," ते म्हणाले. "पण इचार न करता लढाईक गेलो."